खाचेतला सूर आणि आकड्यांतला सूर

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या सुटीत वाद रंगला होता. छत्रपती संभाजीनगरातल्याच एका शाळेतले सर घरच्या जुन्या तबकड्या आणि वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट यांविषयी बोलत होते. कॅसेट आता खरखरू लागल्या आहेत. "मग संगणकावर उतरवून घ्या की," असे कुणी सुचवताच सर म्हणाले, "डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे करतात. सेकंदाला चव्वेचाळीस हजार असले तरी तुकडेच ते! दोन तुकड्यांमधली मींड हरवणारच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पदार्थविज्ञानवाले, तुम्हीच सांगा."

प्रश्न अगदी साहजिक आहे. मात्र त्याचे साहजिक वाटणारे उत्तर बरोबर नाही. ते का, हे सावकाश पाहू.

खाचेतली लाट

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तबकडी तयार करताना हा चढउतार एका सुईच्या हालचालीत बदलतात आणि ती सुई खाच कोरत जाते. ढोबळमानाने, दाब जसा बदलतो तशी खाच वळते. मूळ लाटेची अशी सलग प्रतिकृती म्हणजे अ‍ॅनालॉग मुद्रण. कॅसेटमध्ये खाचेऐवजी फितीवरच्या चुंबकत्वाचा चढउतार असतो, एवढाच फरक.

खाच सलग असली, तरी ती कितीही बारीक तपशील टिपू शकते असे नाही. १९४८ साली आलेली लाँग-प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला त्रिज्या सुमारे १४.५ सेंटिमीटर, तिथे सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते. आत, लेबलाजवळ त्रिज्या ६ सेंटिमीटर. तिथे फक्त २१ सेंटिमीटर. सेकंदाला १५,००० कंपनांचा सूर तिथे कोरायचा, तर एक लाट २१ भागिले १५,००० सेंटिमीटर, म्हणजे १४ मायक्रॉन लांबीत बसवावी लागते. केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते. वाजवणाऱ्या सुईचे टोकही साधारण याच मापाचे, त्यामुळे ते अशा वळणांतून नीट जाऊ शकत नाही. शिवाय धूळ आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा यांची खरखर आहेच. हे सारे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवता येते.

आकड्यांतली लाट

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर लाट नसते, आकडे असतात. सेकंदातून ४४,१०० वेळा लाटेची उंची मोजायची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवून लिहून ठेवायचे.

पुस्तकांतल्या आकृत्यांत डिजिटल लाट जिन्यासारखी काढलेली असते आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. हा जिना आपल्या कानापर्यंत येत नाही. आकड्यांवरून पुन्हा गुळगुळीत लाटच तयार केली जाते. पण ती मूळचीच लाट कशावरून?

भूमितीतले उदाहरण घ्या. कागदावर एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले आणि "यांतून जाणारी वक्ररेषा काढा" म्हटले, तर उत्तरे असंख्य. पण "ती वर्तुळ आहे" एवढे सांगितले की उत्तर एकच. तीन बिंदूंच्या मधला एकही बिंदू नोंदवलेला नाही, तरी संपूर्ण वर्तुळ हाती येते. ध्वनीच्या बाबतीत "ती वर्तुळ आहे" या अटीची जागा वेगळी अट घेते: लाटेत एका ठरावीक मर्यादेपलीकडची कंपने नाहीत. मग त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मापे घेतली, की त्या मापांतून जाणारी अशी लाट एकच असते. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखांशी या नियमाचे नाव जोडलेले आहे.

माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकू येते, आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. त्याच्या दुपटीहून ४४,१०० जास्त आहे. तंबोऱ्याचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३८ कंपनांचा धरला, तर जवारीतून उठणारे त्याचे पटीतले सूर १४४ व्या पटीपर्यंत या मर्यादेत बसतात. मींड तर त्यामानाने फारच संथ बदल. दोन मापांच्या मध्ये तिचे काहीही हरवत नाही.

अट पाळली नाही, तर मात्र घोटाळा होतो. चित्रपटात टांग्याची चाके कधी उलटी फिरताना दिसतात, कारण सेकंदाला २४ चित्रे त्या वेगाला पुरत नाहीत. तसेच मर्यादेपलीकडची कंपने आधी गाळली नाहीत, तर खोटे सूर उमटतात. म्हणून मोजणीआधी गाळणी लावतात.

पायऱ्या मोजक्या असल्याने मापात किंचित चूक राहते, हे खरे. नीट मुद्रण केले तर ती अगदी हलक्या फुसफुशीच्या रूपात उरते. सीडीवर ही फुसफुस सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली असते. चांगल्या तबकडीची खरखर ६० ते ७० डेसिबल खाली.

मग फरक का ऐकू येतो?

फरक ऐकणारे सगळे खोटे बोलत नाहीत. एकच गाणे तबकडीसाठी आणि सीडीसाठी बहुधा वेगवेगळे सजवलेले असते. १९९० नंतर अनेक सीडी मुद्दाम जास्तीत जास्त मोठ्या आवाजाच्या केल्या गेल्या. त्यात लहान-मोठ्या आवाजातला उतारचढाव दबला. मोबाईलवर येणारी फाईल तर बरेचदा आकुंचित असते. सीडीवर सेकंदाला १४ लाखांहून अधिक बिट लागतात, तर १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये त्यांचा अकरावा हिस्सा. तबकडी आवाजात थोडी भर घालते, तीही कित्येकांना उबदार वाटते. ती आवडणे यात गैर काही नाही. फक्त ती मूळ गाण्यातली नव्हे.

२०२२ साली अमेरिकेत या वादाची नकळत परीक्षा झाली. मोबाईल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या तबकड्या अस्सल अ‍ॅनालॉग म्हणून रसिक वाखाणत. त्यांतल्या अनेकींसाठी मूळ फितीवरचा आवाज आधी डिजिटल केला जात असे, हे त्या वर्षी उघड झाले. जाणकार कानांना तोवर पत्ता लागला नव्हता.

हीच परीक्षा वर्गात घेता येईल. एका तबकडीचे किंवा कॅसेटचे डिजिटल मुद्रण करा. दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर ठेवा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला 'अधिक चांगला' वाटतो. पडद्याआड नाणे उडवून एक वाजवा आणि ओळखायला सांगा. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने आठ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी ५६ आहे, म्हणजे साडेपाच टक्के. नऊ किंवा अधिक वेळा येण्याची फक्त १०२४ पैकी ११.

केसरबाईंची तबकडी

आता जतनाचा प्रश्न. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घेतली गेली. सोन्याचा मुलामा दिलेली ती तांब्याची तबकडी अ‍ॅनालॉग आहे. ती कोणाला सापडलीच, तर सुई आणि फिरवण्याची सोय पुरते. आकड्यांची लिपी उलगडावी लागत नाही.

पण हीच याने पृथ्वीकडे माहिती पाठवतात ती डिजिटल रूपात. पहिले व्हॉयेजर २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे आणि त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती जेमतेम २० वॅटच्या आसपास. इतक्या क्षीण संकेतात 'शून्य की एक' एवढेच ठरवायचे असल्याने गोंगाटातूनही माहिती निवडता येते.

त्या सरांच्या कॅसेटचे उत्तर यातच आहे. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी खरखर वाढते, आणि मूळ फीत मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दरवर्षी थोडी खराब होते. आकड्यांची नक्कल मात्र शंभराव्या वेळीही पहिल्यासारखीच असते. तिचा धोका वेगळा: डिस्क एकदम बंद पडते आणि मग काहीच उरत नाही. म्हणून कॅसेट स्वच्छ यंत्रावर वाजवून एमपी३ न करता आकुंचन नसलेल्या फाईलमध्ये उतरवावी, दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नये. घरोघरी अशा फिती आहेत: आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या सप्ताहातली भारुडे, कीर्तने. दिवाळीच्या सुटीत मुलांना हा प्रकल्प द्यावा. आणखी थांबलो, तर मींड खरोखरच हरवेल, पण त्याला कारण आकडे नसतील.