पवईच्या आकाशातले लिनक्स

११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' या टॅब्लेटचे अनावरण झाले. सात इंची पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, अँड्रॉइड ४.०. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि अनुदानानंतर विद्यार्थ्याला निम्म्या किमतीत मिळणार होता. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती किमतीची. त्या टॅब्लेटच्या पोटात पवईच्या आयआयटीतल्या मंडळींनी जे काम केले होते, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. माझ्या मते आकाशची खरी कमाई तीच होती.

आकाशचा पहिला अवतार २०११ साली आला. त्याचा प्रोसेसर मंद होता आणि पडद्यावर बोट जोरात दाबावे लागे. टीका झाली आणि प्रकल्पाची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली. प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कन्नन मौदगल्य यांच्यासमोरचा प्रश्न सरळ होता. अँड्रॉइडवर गाणी ऐकता येतात, चित्रफिती पाहता येतात, पुस्तकेही वाचता येतात. पण अभियांत्रिकीच्या मुलाला सी भाषेतला प्रोग्रॅम लिहून चालवायचा असेल, पायथन शिकायचे असेल, सायलॅबमध्ये समीकरणे सोडवायची असतील, तर काय करायचे? ही साधने लिनक्स, विंडोजसाठी बनलेली. अँड्रॉइडसाठी ती नव्याने लिहायची म्हटली तर एकट्या सायलॅबलाच किती वर्षे लागली असती कोण जाणे.

एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसरीवर चालवायचे तर मार्ग मोजकेच असतात. एक म्हणजे आख्खे दुसरे यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभे करायचे. याला एम्युलेटर म्हणतात. त्यात प्रत्येक सूचनेचे भाषांतर होते आणि वेग मार खातो. ५१२ एमबीच्या टॅब्लेटवर त्याचा विचारही नको. दुसरा मार्ग 'वाइन'चा. १९९३ साली सुरू झालेला हा प्रकल्प विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतो. प्रोग्रॅमने 'ही फाइल उघड', 'ही खिडकी काढ' असे विंडोजला सांगितले की वाइन ती विनंती लिनक्सला कळेल अशा रूपात पुढे देते. त्यासाठी विंडोजची हजारो फंक्शन्स पुन्हा लिहावी लागली. वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे! पवईच्या मंडळींकडे तेवढा वेळ नव्हता.

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. अँड्रॉइडचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनक्सचाच आहे. प्रोसेसर, मेमरी, फाइली हे सगळे तोच सांभाळतो. वेगळे आहे ते त्याच्या वरचे सामान. लिनक्सचे प्रोग्रॅम ज्या सी लायब्ररीवर विसंबून असतात ती अँड्रॉइडमध्ये नाही. तिच्याऐवजी गूगलची 'बायोनिक' नावाची आटोपशीर लायब्ररी आहे. म्हणून टॅब्लेटमधल्या एआरएम प्रोसेसरसाठी तयार केलेला लिनक्सचा प्रोग्रॅमही अँड्रॉइडवर नेऊन ठेवला तर सहसा उघडतच नाही. गाभा त्याला चालवायला तयार असतो, पण लागणारी लायब्ररी जागेवर सापडत नाही.

मग ती लायब्ररीही सोबत न्यायची. 'आकाश प्रोग्रॅमिंग लॅब', म्हणजे एपीएल, या ॲपमागची युक्ती ती हीच. लिनक्सच्या सगळ्या फोल्डरांसह एक मोठी फाइल टॅब्लेटवर ठेवायची, ती एखाद्या डिस्कसारखी जोडून घ्यायची आणि 'सीएचरूट' या युनिक्सच्या जुन्या आज्ञेने प्रोग्रॅमला तिच्या आत सोडायचे. चाळीतल्या भाडेकरूने दार आतून लावून घेतले आणि आपली खोली म्हणजेच आख्खी चाळ असे मानले, तसे त्या प्रोग्रॅमचे होते. त्याला त्याची लायब्ररी, त्याचा कंपायलर, त्याचे फोल्डर असे सगळे ओळखीच्या जागी मिळते. बाहेर अँड्रॉइड आहे याचा त्याला पत्ताच नसतो. मध्ये भाषांतर करणारा कोणी नाही, त्यामुळे वेगही जवळजवळ तोच राहतो.

मुलाच्या बाजूने पाहिले तर यातले काहीच दिसत नसे. ॲप उघडायचे, सी, सी++, पायथन, सायलॅब यांतले एक निवडायचे, कोड लिहायचा आणि तो चालवायची आज्ञा द्यायची. अँड्रॉइडचे ॲप तो कोड आतल्या लिनक्सच्या हवाली करी, तिथला जीसीसी हा कंपायलर तो कंपाइल करी आणि उत्तर पुन्हा पडद्यावर येई. सेमीकोलन राहिला असेल तर महाविद्यालयाच्या लॅबमध्ये जी चूक दिसते, अक्षरशः तीच इथेही दिसे. हे मला फार मोलाचे वाटते. मुलाच्या हातात खेळण्यातला कंपायलर नव्हता, खरा होता.

परक्या यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणे पवईला नवीन नव्हते. १९५८ साली आयआयटी मुंबई उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. तिथला मिन्स्क-२ हा संगणक सोव्हिएत होता आणि सत्तरच्या दशकात आलेला ईसी-१०३० सुद्धा. पण ईसी मालिकेची गंमत अशी की ती मुळातच आयबीएमच्या सिस्टिम/३६० शी जुळेल अशी बनवलेली होती. सूचनासंच तोच, ऑपरेटिंग सिस्टिमही आयबीएमच्याच वळणाची. शीतयुद्ध सुरू असताना अमेरिकन यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम सोव्हिएत यंत्रावर चालू शकत होता! आणि त्या सिस्टिम/३६० च्या काही मॉडेलांतही आयबीएमच्या जुन्या १४०१ संगणकाचे प्रोग्रॅम चालवायची सोय होतीच. लोकांचे श्रम ज्या प्रोग्रॅममध्ये गुंतलेले असतात ते यंत्र बदलले म्हणून टाकून देता येत नाहीत, हे या धंद्याला फार लवकर कळले होते.

आकाश पुढे मागे पडला. स्वस्त स्मार्टफोन घरोघर आले आणि सरकारी टॅब्लेटची गरज कोणाला उरली नाही. एपीएलचा कोड मात्र खुला होता, आणि त्यामागची गरजही टिकून राहिली. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये लिनक्सचे टर्मिनल दिले. त्यात डेबियन ही लिनक्सची आवृत्ती फोनमध्येच चालते. गूगलची पद्धत वेगळी आहे, ती आभासी यंत्राची, आणि अधिक सुरक्षितही आहे. पण ज्या गरजेपोटी ती आली ती गरज पवईने २०१२ मध्येच ओळखली होती, आणि तीही २,२६३ रुपयांच्या टॅब्लेटवर.

पवईतले हे काम थांबलेले नाही. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प महागड्या सॉफ्टवेअरऐवजी खुली साधने महाविद्यालयांत नेतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटे आखण्यासाठी त्यांनी बनवलेले 'ईसिम' उबुंटूवर चालते आणि विंडोजवरही. विद्यार्थ्याकडे जे यंत्र असेल त्यावर साधन चालले पाहिजे, हा आग्रह इथेही दिसतो. त्याच्या जोडीला 'स्पोकन ट्युटोरियल' आहे. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. पडद्याच्या एका बाजूला तो लावायचा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचे आणि ऐकत ऐकत करून पाहायचे. अनेक धडे मराठीत आहेत आणि सगळे मोफत आहेत.

अंधेरीपासून विद्याविहारपर्यंत मुंबईच्या उपनगरांत अभियांत्रिकीची किती महाविद्यालये आहेत! तिथल्या प्राध्यापकांना एवढेच सांगणे आहे: प्रॅक्टिकलला महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत मुलांच्या लॅपटॉपवर चढवण्याआधी पवईत तयार झालेले ईसिमसारखे साधन एकदा उघडून पाहा, आणि ज्या मुलाकडे फक्त फोन आहे त्याला फोनवर लिनक्स कसे चालवायचे ते पहिल्याच तासाला दाखवा.