शिक्षा कालच्या चुकीची, फटका उद्याच्या संघाला

२१ डिसेंबर २०२४. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कडाक्याच्या थंडीत, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर दोन विद्यापीठांचे फुटबॉल संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या पहिल्या बाद फेरीत आमनेसामने आले. यजमान पेन स्टेट विद्यापीठाने डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला ३८-१० असे सहज नमवले. सामना एकतर्फी झाला. पण या दोन संघांना जोडणारा एक दुवा होता. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वात कठोर शिक्षांपैकी दोन या दोघांच्या वाट्याला आल्या होत्या. पेन स्टेटला २०१२ मध्ये शिक्षा झाली आणि चारच वर्षांत तो संघ आपल्या गटाचा विजेता ठरला. सदर्न मेथडिस्टला १९८७ मध्ये शिक्षा झाली आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर पुन्हा उभे राहायला त्याला ३७ वर्षे लागली. हा फरक का पडला, याचे उत्तर बऱ्याच अंशी खेळाडूंच्या भरतीत दडलेले आहे.

येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून खेळला जाणारा अमेरिकी खेळ. महाराष्ट्रातून तिकडे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात त्याची ओळख पटते. शनिवारी सारे गाव एकाच रंगाचे कपडे घालून स्टेडियमकडे निघालेले असते. या खेळाचे नियमन १९०६ मध्ये स्थापन झालेली ‘एनसीएए’ ही विद्यापीठांचीच संघटना करते. स्टेडियमची तिकिटे आणि दूरचित्रवाणीचे हक्क यांतून विद्यापीठे कोट्यवधी डॉलर मिळवत असताना खेळाडू मात्र ‘हौशी’च राहिला पाहिजे, हा या संघटनेचा अनेक दशके आग्रह होता. त्याला शिक्षण, निवास आणि भोजनाची शिष्यवृत्ती मिळे. त्यापलीकडे कोणा धनिक चाहत्याने मोटार दिली, पाकीट दिले किंवा आई-वडिलांचे घरभाडे भरले, तर तो नियमभंग.

शिष्यवृत्त्यांची संख्याही ठरलेली होती. वरच्या श्रेणीतील संघाला अनेक वर्षे एकूण ८५ आणि एका वर्षात साधारण २५ नव्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्याची मुभा होती. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते, त्यामुळे दुबळा संघ पुन्हा उभा राहू शकतो. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अशी कोणतीही सोय नाही. तेथे १७ वर्षांचा मुलगा आपले विद्यापीठ स्वतः निवडतो. नामांकित प्रशिक्षक त्याच्या घरी जातात, आईच्या हातचे जेवतात, वडिलांशी गप्पा मारतात आणि आपल्या विद्यापीठाची थोरवी सांगतात. जिंकणाऱ्या संघाकडे चांगली मुले येतात आणि चांगली मुले आली की संघ जिंकत राहतो. शिक्षेचा खरा परिणाम असा की ती हे चक्र उलटे फिरवते.

सदर्न मेथडिस्टच्या बाबतीत नेमके तेच घडले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हा देशातील सर्वात यशस्वी संघांपैकी एक होता. एरिक डिकरसनसारखा धावपटू त्यांच्याकडे होता आणि १९८२ च्या मोसमात तर ते अपराजित राहिले. त्यामागे खेळाडूंना गुपचूप मिळणारे पैसेही होते. १९८५ मध्ये ‘एनसीएए’ने विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या कापल्या आणि मोसमाअखेरच्या मानाच्या ‘बाऊल’ सामन्यांतून संघाला दोन वर्षे बाहेर ठेवले. त्याच वर्षी संघटनेने सराईत गुन्हेगारांसाठी नवा नियम केला. पाच वर्षांत दुसरा गंभीर नियमभंग झाल्यास त्या खेळाचा संघच बंद ठेवण्याचा अधिकार तिला मिळाला. वृत्तपत्रांनी त्याला ‘मृत्युदंड’ हे नाव दिले.

एवढे होऊनही पैसे देणे थांबले नाही. १३ खेळाडूंना महिन्याला ५० पासून ७२५ डॉलरपर्यंत रकमा मिळत राहिल्या. एकूण रक्कम सुमारे ६१ हजार डॉलर. आजच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक वाटेल. मात्र हे पैसे नियामक मंडळातील काही सदस्यांच्या संमतीने दिले जात होते. ज्यांना शब्द दिला आहे त्यांचे हप्ते शिक्षण संपेपर्यंत चालू ठेवायचे, नव्यांना मात्र काही द्यायचे नाही, असा तो हिशेब होता. या मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स पुढे दुसऱ्यांदा टेक्सासचे गव्हर्नर झाले आणि मार्च १९८७ मध्ये त्या पदावर असतानाच त्यांनी ही गोष्ट जाहीरपणे कबूल केली. चोरी थांबवायची, पण हप्त्याहप्त्याने, असा हा अजब बाणेदारपणा!

२५ फेब्रुवारी १९८७ रोजी निकाल लागला. त्या वर्षीचा मोसम पूर्ण रद्द झाला. १९८८ मध्ये घरच्या मैदानावर एकही सामना खेळता येणार नव्हता. संघच उभा राहत नाही हे पाहून विद्यापीठाने तोही मोसम सोडून दिला. चार वर्षांत मिळून ५५ शिष्यवृत्त्या गेल्या. ऑगस्ट १९८८ पर्यंत प्रशिक्षकांना भरतीसाठी विद्यापीठाच्या आवाराबाहेर जाण्याचीही बंदी झाली. त्याच वेळी असलेल्या खेळाडूंना मात्र कोणतीही प्रतीक्षा न करता दुसरीकडे खेळण्याची मोकळीक मिळाली. निकालानंतर देशभरातील विद्यापीठांचे प्रशिक्षक डॅलसमध्ये उतरले आणि संघ पाहता पाहता रिकामा झाला.

१९८९ मध्ये संघ मैदानात परतला तेव्हा त्यात प्रामुख्याने पहिल्या वर्षाची, अंगापिंडाने लहान असलेली मुले होती. ११ पैकी ९ सामने ते हरले. ह्यूस्टन विद्यापीठाने तर त्यांच्यावर ९५-२१ असा विजय मिळवला. पुढल्या वीस मोसमांत पराभवांपेक्षा विजय अधिक, असा मोसम एकच आला, तो १९९७ चा. ‘बाऊल’ सामना पुन्हा खेळायला २००९ साल उजाडावे लागले. सगळाच दोष शिक्षेच्या माथी मारता येणार नाही. विद्यापीठाने आपले प्रवेशाचे निकष कडक केले, आणि ज्या साखळीत हा संघ खेळत असे ती साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये मोडली. पण दोन मोसम घरचे मैदान ओस राहिल्यानंतर १७ वर्षांच्या मुलाला तेथे यावेसे वाटेल असे दाखवण्याजोगे प्रशिक्षकाकडे काय उरले होते?

हा दंड इतका परिणामकारक ठरला की नंतर वरच्या श्रेणीतील फुटबॉलमध्ये तो कोणालाच दिला गेला नाही. पुढल्या काळात ‘एनसीएए’ची भिस्त दोन हत्यारांवर राहिली. एक ‘बाऊल’बंदी, दुसरे शिष्यवृत्त्यांतील कपात. वृत्तपत्रांचे मथळे पहिलीला मिळतात. खोल घाव मात्र दुसरी करते. ओहायो स्टेट विद्यापीठाचे उदाहरण पाहा. खेळाडूंनी आपली पदके आणि स्मृतिचिन्हे देऊन त्या बदल्यात पैसे आणि गोंदणकाम घेतल्याच्या प्रकरणात या संघाला २०१२ ची ‘बाऊल’बंदी झाली. संघ त्या वर्षी बाराही सामने जिंकला आणि तरीही डिसेंबरात घरी बसला. त्या वर्षीच्या अखेरच्या वर्षातील खेळाडूंचे नुकसान कधीच भरून निघाले नाही. पण शिष्यवृत्त्या तीन वर्षांत केवळ ९ गेल्या होत्या. भरतीचा ओघ आटला नाही आणि २०१४ च्या मोसमात तेच विद्यापीठ राष्ट्रीय विजेते झाले.

लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची कहाणी याच्या उलट आहे. त्यांचा विख्यात धावपटू रेगी बुश आणि त्याच्या कुटुंबाने दलाली करू पाहणाऱ्यांकडून पैसे आणि सॅन दिएगोजवळच्या घराची सोय घेतल्याचा ठपका होता. ही घटना २००४-०५ च्या सुमाराची, निकाल लागला जून २०१० मध्ये. तोवर बुश व्यावसायिक फुटबॉलमध्ये ‘सुपर बाऊल’ जिंकून बसला होता आणि मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले होते. दोन वर्षांची ‘बाऊल’बंदी आणि तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्यांची कपात, ही शिक्षा भोगायला मागे उरली ती मुले बुशच्या काळात शाळेत होती. अपील फेटाळल्यावर कपात २०१२ च्या भरतीपासून लागू झाली. वर्षाला २५ ऐवजी १५ नवे खेळाडू आणि एकूण ८५ ऐवजी ७५. हे दहाचे अंतर कागदावर लहान दिसते. पण १५ मुलांत पाच निवडी चुकल्या, दोघे जायबंदी झाले, एक अभ्यासात मागे पडला, की त्या वर्षाच्या तुकडीत हाताशी सातच उरतात. ती पोकळी तीन-चार वर्षांनी, तुकडी ऐन बहरात यायला हवी तेव्हा दिसते. २०१२ च्या मोसमापूर्वी हा संघ देशात पहिल्या क्रमांकावर गणला गेला होता. मोसम संपला तेव्हा ७ विजय आणि ६ पराभव हाती होते. २०१३ च्या सप्टेंबरात प्रशिक्षक लेन किफिन यांची हकालपट्टी झाली.

पेन स्टेटचा गुन्हा याहून कितीतरी भयंकर, आणि खेळाच्या नियमांपलीकडचा. माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याने बालकांवर वर्षानुवर्षे लैंगिक अत्याचार केल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. ‘एनसीएए’ने जुलै २०१२ मध्ये विद्यापीठाला ६ कोटी डॉलरचा दंड, चार वर्षांची ‘बाऊल’बंदी आणि शिष्यवृत्त्यांत मोठी कपात अशी शिक्षा दिली, खेळाडूंना तत्काळ अन्यत्र जाण्याची मुभाही दिली. धावपटू सिलास रेड याने तर थेट सदर्न कॅलिफोर्नियाची, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली. पण २०१३ मध्येच शिष्यवृत्त्या टप्प्याटप्प्याने परत देण्याचे ठरले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये बंदीही उठली. पाइपातील पाणी पूर्ण तुटण्यापूर्वीच तोटी पुन्हा उघडली गेली, म्हणून २०१६ चे गटविजेतेपद शक्य झाले.

शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच भरतीवर तिची सावली पडते, हे या सगळ्यात फारसे लक्षात घेतले जात नाही. चौकशा वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि तेवढा काळ प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना ‘तेथे काहीतरी होणार आहे’ एवढे म्हटले तरी पुरते. ज्या मुलाकडे खेळण्यासाठी चारच मोसम आहेत, त्याला त्यांतील दोन बंदीत जाण्याची भीती पुरेशी असते. उलट बाजूने, चौकशीत असलेले विद्यापीठ मुलांपुढे तिचे गांभीर्य कमी करून मांडते. मिसिसिपी विद्यापीठाला २०१७ मध्ये दोन वर्षांची ‘बाऊल’बंदी झाली तेव्हा शे पॅटरसन हा उमदा क्वार्टरबॅक, आपल्याला चौकशीबाबत अंधारात ठेवले गेले, असा दावा करून मिशिगनला गेला. ‘एनसीएए’च्या कारभारात पॅटरसनसारख्या मुलांची बाजू ऐकण्याची व्यवस्था कधीच नीट नव्हती.

निरपराधांना शिक्षा नको, ही टीका शेवटी संघटनेच्याच गळी उतरली. जानेवारी २०२२ मध्ये स्वीकारलेल्या तिच्या नव्या घटनेत, नियमभंगाशी संबंध नसलेल्या खेळाडूंना शक्यतो झळ पोहोचू नये, हे तत्त्व आले. टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने दोनशेहून अधिक नियमभंग केल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले, तरी ‘बाऊल’बंदी टळली, शिष्यवृत्त्या २८ ने घटल्या आणि ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला. प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणा चोरण्याच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये मिशिगनचा निकाल लागला. समितीने स्वतःच म्हटले की खरे तर अनेक वर्षांची बंदी योग्य ठरली असती, पण आजच्या खेळाडूंवर तो अन्याय होईल. म्हणून दंड ठोठावला गेला, तो २ कोटी डॉलरच्या वर जाईल असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला, आणि भरतीसाठी मुलांना विद्यापीठभेटीला बोलावण्यावर व त्यांच्याशी संपर्क साधण्यावर काही काळ मर्यादा आल्या. २०२३ चे अजिंक्यपद मात्र मिशिगनकडेच राहिले. ते मिळवून देणारे प्रशिक्षक जिम हार्बो यांना आधीच्या एका प्रकरणातील बंदीवर आणखी दहा वर्षांचे निर्बंध लादण्यात आले. पण ते जानेवारी २०२४ मध्येच व्यावसायिक फुटबॉलमध्ये दाखल झाले होते, तेथे ‘एनसीएए’चे काही चालत नाही.

बंदीचे हत्यार म्यान करण्यामागे केवळ न्यायबुद्धी आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आता खेळाडू जवळजवळ मुक्तपणे विद्यापीठ बदलू शकतात. मोठी बंदी जाहीर झाली तर संघ आठवड्याभरात रिता होईल. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा यांच्या बळावर कमाई करण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठेच खेळाडूंना वर्षाला एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम देऊ लागली. या तडजोडीत सहभागी विद्यापीठांसाठी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन तिची जागा १०५ खेळाडूंच्या संघमर्यादेने घेतली. त्यामुळे शिष्यवृत्ती कापण्याच्या शिक्षेची धारही बोथट झाली. बुशने २०१० मध्ये परत केलेला हाइसमन हा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान एप्रिल २०२४ मध्ये त्याला पुन्हा बहाल करण्यात आला.

आणि सदर्न मेथडिस्ट? २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या बड्या गटात प्रवेश मिळवण्यासाठी या विद्यापीठाने नऊ वर्षे गटाच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातील वाटा सोडून देण्याचे मान्य केले. तूट भरून काढायला पुढे आले ते डॅलसचे धनिक हितचिंतकच. २०२३ च्या सप्टेंबरात प्रवेशाची घोषणा झाली आणि आठवड्याभरात त्यांनी १० कोटी डॉलर जमा केले, या वेळी विद्यापीठाच्या अधिकृत खात्यात.