हिरडा काय काय सांगू शकतो

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे निघालात की डिंभे धरणाचे पाणी मागे पडते, चढ लागतो आणि तळेघर येते. उन्हाळ्यात या बाजूला अंगणात, कातळावर, घरांच्या पत्र्यावर हिरडा वाळत घातलेला दिसतो. आत बी धरण्याआधीच उतरवलेला हा बाळहिरडा. वाळला की काळा, सुरकुतलेला, टणक होतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांना भातलावणीच्या आधी जो रोख पैसा लागतो, त्याला या फळाचा मोठा आधार असतो.

त्यातला एक तुकडा दाताखाली धरून बघा. पहिल्या क्षणी फारसे काही जाणवत नाही. मग जीभ खरखरीत होते, गाल आतून आखडतात, तोंड कोरडे पडते. आपण याला तुरट चव म्हणून सोडून देतो, पण तोंडात त्या वेळी एक रासायनिक परीक्षा पार पडलेली असते. हिरड्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडते, त्यांच्या गुठळ्या होतात आणि लाळेचा निसरडेपणा जातो. कातडी कमावणारे हेच टॅनिन वापरत आले. कातड्यातल्या प्रथिनाला ते घट्ट धरते आणि एरवी कुजून गेले असते ते कातडे टिकाऊ चामडे बनते. प्रयोगशाळेत जिलेटिनच्या द्रावणात हिरड्याचा अर्क घातला की ते गढूळ होते आणि खाली साका बसतो. जीभ, कातडी कमावणाऱ्याचा हौद आणि काचेची परीक्षानळी, तिन्हीकडे एकच क्रिया घडते. एवढ्याशा फळात हे सगळे आहे, याचे मला दर वेळी नव्याने नवल वाटते.

दुसरी परीक्षा घरी करता येते. चमचाभर हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवा आणि पाणी गाळून घ्या. आरोग्य केंद्रात मिळणारी लोहाची गोळी दुसऱ्या पेल्यात विरघळवा. दोन्ही पाणी एकत्र करा आणि थांबा. पिवळसर पाणी काळवंडू लागते आणि हवा लागेल तसे निळसर काळे होत जाते. (हे पाणी पिऊ नका, फक्त पाहा.) हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई पूर्वी याच गुणावर बनत असे. चहातही टॅनिनच्या जातीची द्रव्ये असतात. म्हणून लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका असे सांगतात: लोह पोटात या द्रव्यांशी बांधले जाते आणि अंगी कमी लागते.

या काळ्या रंगाचा इतिहास फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने तांब्याच्या जंगालातली भेसळ पकडण्याची एक युक्ती लिहून ठेवली. जंगाल महाग, हिराकस स्वस्त. व्यापारी एकात दुसरे मिसळत. प्लिनी सांगतो, मायफळाच्या अर्कात भिजवलेला पपायरसचा तुकडा घ्या आणि त्यावर जंगाल लावा. हिराकस असेल तर तुकडा काळा पडेल. लेखी नोंद असलेल्या रासायनिक परीक्षांमध्ये ही सर्वांत जुन्या परीक्षांपैकी एक मानली जाते. मायफळातले टॅनिन आणि हिरड्यातले टॅनिन एकाच कुळातले आहे, दोन्ही फुटली की गॅलिक आम्ल देतात. आणि मायफळ व हिरडा दोन्ही आपल्या बाळगुटीच्या डब्यात शेजारी शेजारी असतात. भेसळ ओळखणाऱ्या शास्त्राची पहिली पाने ज्या द्रव्याने लिहिली गेली, ते द्रव्य तळेघरच्या पत्र्यावर उन्हात पडलेले असते.

रंग बदलला म्हणजे टॅनिन आहे, एवढे कळले. पण किती आहे? १९२७ मध्ये फोलिन आणि चिओकाल्त्यू या दोन रसायनज्ञांनी एक पिवळे द्रावण तयार केले. अशी द्रव्ये भेटली की ते निळे होते. जेवढे द्रव्य जास्त तेवढा निळा गडद, आणि तो गडदपणा यंत्र मोजून देते. मात्र ही परीक्षा सगळ्यांना एकाच मापाने मोजते. हिरड्यातले चेब्युलिनिक आम्ल, चेब्युलाजिक आम्ल, गॅलिक आम्ल यांची वेगवेगळी हजेरी घ्यायची तर क्रोमॅटोग्राफी लागते. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोधली. खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला तेव्हा हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टे त्याला वेगळे झालेले दिसले. महाशिवरात्रीला भीमाशंकरची वाट एकत्र धरलेल्या माणसांपैकी जो प्रत्येक टपरीवर थांबतो तो मागे पडतो आणि न थांबणारा पुढे निघून जातो, तसेच नळीतल्या रेणूंचे होते. ज्याची भुकटीशी ओढ जास्त, तो उशिरा बाहेर येतो. आजची यंत्रे हेच काम जास्त दाबाखाली आणि काही मिनिटांत करतात.

माल स्वच्छ आहे की नाही हे राखेवरून कळते. हिरड्याची पूड भट्टीत पूर्ण जाळतात आणि उरलेली राख तोलतात. ती राख हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फळाचे स्वतःचे क्षार विरघळतात, पण वाळू विरघळत नाही. फळ ताडपत्रीवर वाळले की नुसत्या मातीवर, हे त्या चिमूटभर शिलकीवरून ओळखता येते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने हिरड्यासाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. एकूण राख ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, काडीकचरा १ टक्क्यापेक्षा जास्त नको आणि पाण्यात उतरणारा अंश किमान ६० टक्के हवा. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. हिरड्याच्या पुडीचा निम्म्याहून अधिक भाग पाण्यात उतरतो.

सगळ्यात जपावे लागते ते ओलाव्याला. भीमाशंकरच्या डोंगरात वळवाची एक सर वाळत घातलेल्या हिरड्यावर आली आणि माल तसाच पोत्यात गेला, तर बुरशी धरते. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि साठवलेल्या वनौषधींमध्ये ते सापडल्याचे भारतातले अभ्यास आहेत. हे विष जगाला कळले ते १९६० मध्ये, इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. ३९७ जणांना यकृताचा आजार झाला, त्यातले १०६ दगावले. त्यात बहुतेक गरीब भिल्ल कुटुंबे होती. हे विष शिजवून जात नाही, त्याला वास नाही, चव नाही. पण अतिनील दिव्याखाली ते चमकते, काही प्रकार निळे, काही हिरवे. आपल्याकडे धान्य-डाळींसाठी मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात १५ मिलिग्रॅम. माणसाच्या कोणत्याही इंद्रियाला न सापडणारी गोष्ट हे शास्त्र शोधून वजनासकट दाखवते!

तरीही प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. जुन्नरच्या पूर्व भागातली, नारायणगावकडची द्राक्षे परदेशी जातात, त्यांच्या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीला आहे. २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश तिथल्या ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आपल्या तपासणीच्या यादीत त्या द्रव्याचे नावच नव्हते. शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले, पुढे यादी वाढली आणि तपासणी कडक झाली.

हिरड्याला तर अजून गावात कुणी काही विचारतच नाही. खरेदीच्या वेळी माल डोळ्यांनी पारखतात, हाताने दाबून बघतात आणि तोलतात. त्याच भागात दुधाचे कसे चालते ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या गर्बरने तीव्र गंधकाम्लाने दुधातली प्रथिने विरघळवून, नळी फिरवून, वर आलेली चरबी थेट खुणांवर वाचायची पद्धत काढली, आणि दुधाला फॅटप्रमाणे भाव देता येऊ लागला. आज डेअरीत येणाऱ्या कोणत्याही बाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (चरबी सोडून दुधातला घन भाग) म्हणजे काय ते ठाऊक असते. पाणी घालणारा सापडतो आणि चांगले दूध घालणाऱ्याला जास्त पैसे मिळतात. हिरड्यातले टॅनिन फळ पिकत जाते तसे घटते, म्हणजे वेळेवर उतरवून नीट वाळवलेल्या मालात खरोखरच अधिक काही असते. पण गावात मोजमाप नसल्याने त्याची किंमत पुढच्या व्यापाऱ्याला किंवा औषध कारखान्याला मिळते, झाडावर चढणाऱ्याला नाही.

ओलावा मोजणारे यंत्र धान्याच्या बाजारात सर्रास असते. टॅनिनची रंगपरीक्षा महाविद्यालयातली मुलेही करतात. आदिवासी विकास महामंडळाने, वनखात्याने आणि पुण्याच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन तळेघरला उन्हाळ्यापुरते एक छोटे तपासणी केंद्र उभे करावे, आणि हिरड्याचा भाव ठरण्याआधी ओलावा, राख आणि टॅनिन यांचे आकडे लिहिलेला कागद हिरडा वेचणाऱ्याच्या हातात द्यावा.