ट्रम्पेटच्या माउथपीसची निवड व वादकाचा स्वरविस्तार

ट्रम्पेटमध्ये स्वर निर्माण करणारा मूळ अवयव वाद्याचा नसून वादकाचा असतो. सतारीला तार आहे, सनईला पत्ती आहे. ट्रम्पेटजवळ असे स्वतःचे काही नाही. मिटलेल्या ओठांतून दाबाने हवा सोडली असता ओठ कंप पावतात आणि तो कंप माउथपीसवाटे नळीत शिरतो. बोलताना स्वरतंतू जे कार्य करतात तेच येथे ओठांकडे येते. म्हणून ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास हा विषय परका वाटू नये. (‘माउथपीस’ हा वादकांत रूढ असलेला शब्दच येथे ठेवला आहे. सर्वांना कळणाऱ्या शब्दास पर्याय घडविण्याचे प्रयोजन दिसत नाही.) बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या नेहमीच्या मर्यादेतील सर्वांत खालच्या स्वरासाठी ओठांची सेकंदाला सुमारे १६५ वेळा उघडझाप होते, तर सर्वांत वरच्या स्वरासाठी सुमारे ९३२ वेळा. ही अडीच सप्तकांची मजल ओठांच्या एकाच जोडीने मारावयाची असते.

वरचे स्वर लागेनासे झाले की वादक लहान व उथळ माउथपीस शोधू लागतो. या शोधात पैसा तर जातोच, पण कित्येकदा कमावलेला नादही जातो. अशा वेळी ‘स्वरविस्तार’ या एका शब्दाखाली दडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक वादकाचा पल्ला, म्हणजे जिवाच्या कराराने एखाद्या वेळी गाठलेला सर्वांत उंच स्वर. दुसरा त्याचा वावर, म्हणजे ज्या स्वरांत तो तासन्‌तास सुखाने वाजवितो तो प्रदेश. विदर्भात ‘वावर’ म्हणजे शेत, रोज कसावयाची जमीन. तो अर्थही येथे चपखल बसतो. माउथपीस निवडावा तो वावर पाहून, पल्ला पाहून नव्हे.

याचे कारण माउथपीसच्या रचनेत आहे. ओठांना टेकणारी कड, तिच्या आतला प्याला, प्याल्याच्या तळाशी साधारण ३.६६ मिलिमीटर व्यासाचे छिद्र आणि तेथून रुंदावत जाणारी मागची पोकळी, असे त्याचे भाग होत. कड रुंद असली तर दाब विभागला जाऊन ओठ उशिरा थकतात, परंतु स्वरांतरे घेताना त्यांची चपळाई थोडी उणावते; अरुंद कडेची गोष्ट उलट. महत्त्वाचा भाग प्याल्याचा. उथळ प्याल्यात हवेचे आकारमान कमी असल्याने उच्च उपस्वरांना उठाव मिळतो, नाद झळझळीत होतो व वरचे स्वर दूरवर पोहोचतात. मात्र ओठांचा कंप वाढविण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. ते ओठांच्या स्नायूंचे व श्वासाचे काम. खालचे स्वर अशा प्याल्यात कृश होतात, आणि ओठ जाड असतील तर ते प्याल्याच्या तळाला टेकून आवाज बंदच पडतो. याउलट खोल प्याला नादाला गोलाई व भरीवपणा देतो, पण वरच्या स्वरांत वादकाकडून अधिक श्रम वसूल करतो.

उंच स्वरांसाठी व्यास लहानच हवा, या समजुतीला इतिहासाचाही आधार नाही. योहान सेबास्टियन बाखच्या १७२१ मधील दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कन्चेर्टोतील ट्रम्पेटचा भाग अतिशय उंच आहे. आणि त्या काळचे माउथपीस आजच्यापेक्षा रुंद असत.

खरा घोटाळा होतो तो आकड्यांनी. मूळचे ऑस्ट्रियन ट्रम्पेटवादक व्हिन्सेंट बाख (वरील बाखशी नामसाम्य, नाते नव्हे, मूळ आडनाव श्रोटेनबाख) यांनी १९१८ मध्ये न्यूयॉर्क येथे माउथपीस घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या पद्धतीत आकडा लहान तर व्यास मोठा. अक्षरांपैकी ‘ए’ सर्वांत खोल, पुढे प्याला उथळ होत जातो. यामाहाच्या पद्धतीत आकडा वाढला की व्यास वाढतो, आणि तेथे ‘ए’ उथळ व ‘ई’ खोल! चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे विद्यार्थ्यांना शिकविताना याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. शिवाय आकड्यांतील अंतरे समान नाहीत. बाखच्या यादीत ‘७सी’चा व्यास १६.२० मिलिमीटर व ‘३सी’चा १६.३०, म्हणजे फरक दशांश मिलिमीटरचा. पण ‘३सी’वरून ‘१½सी’वर जाताच तो १७.०० होतो. निरनिराळे कारखानदार व्यास निरनिराळ्या खोलीवर मोजत असल्याने दोन याद्यांतील मापे शेजारी ठेवूनही फारसे हाती लागत नाही. तात्पर्य, नावावरून नव्हे, ओठांवरून निवड करावी.

नवशिक्याला ‘७सी’ किंवा तत्सम मध्यम माप बहुधा पुरते. सिंफनी वाद्यवृंदातील वादक भरीव नादासाठी रुंद व खोल मापांकडे झुकतात, तर जॅझच्या बिग बँडमध्ये वरची ओळ सांभाळणारा वादक उथळ प्याला पसंत करतो, कारण त्याचा वावरच तेथे असतो. आपल्याकडील वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेटला गायकाची जागा घ्यावी लागते, उघड्यावर, रस्त्यातून चालत, विश्रांती न घेता. तेथे थोडी रुंद व गोलसर कड आणि मध्यम प्याला योग्य, असे माझे मत आहे.

परीक्षा आपल्याच ट्रम्पेटवर, अर्धा तास वाजवून झाल्यावर करावी. ताजे ओठ कोणत्याही माउथपीसवर काही काळ चांगले वाजतात. प्रथम मंद्रातील दीर्घ स्वर, मग सप्तकाच्या अंतराच्या मींडी, शेवटी वरचे स्वर, तेही हळू आवाजात. उथळ प्याल्याने सूर चढण्याचा संभव असल्याने सुरेलपणा संवादिनीशी ताडून पाहावा. नवा माउथपीस पसंत पडला तरी दोन आठवडे जुना विकू नये. कॉर्नेटच्या माउथपीसचा दांडा ट्रम्पेटच्या दांड्याहून बारीक असतो, हेही खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.