मोठा टायर, जुनी रिम : आधी पट्टी लावा, मग पाना

उसाचा हंगाम तोंडावर आला की नीरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकरात टायरवाल्यांच्या दारी ट्रक उभे राहू लागतात. एका अंगाला सोमेश्वर, दुसऱ्या अंगाला माळेगाव. कारखान्यांची धुराडी पेटली की गाडीला उसंत नाही. मालकाची मागणी बहुधा एकच : "उस्ताद, नऊशे-वीस काढा, हजार-वीस टाका. शेतात रुतायला नको." या धंद्यात आपले बांधव बरेच आहेत, म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत. टायर चढतो, पैसे मिळतात. पुढे भरल्या गाडीचा टायर रस्त्यात फुटला की नाव मात्र मिस्त्रीचे निघते.

उंचीकडे सगळे बघतात. घोटाळा होतो तो रुंदीत. ९.००-२० चा टायर साधारण २५९ मिलिमीटर रुंद, तर १०.००-२० चा साधारण २७८. वाढ १९ मिलिमीटरची, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेनऊ. मागच्या जोडचाकांत रिमा त्याच राहिल्या तर दोन्ही टायर एकमेकांकडे साडेनऊ-साडेनऊ सरकतात आणि मधली फट पुरती १९ मिलिमीटरने आटते. रिकाम्या गाडीला फट दिसते. भार बसला की साइडवॉल फुगतात, एकमेकांना घासतात, तापतात. त्यात शेतातला एखादा दगड अडकला तर विचारूच नका.

ही फट ठरवतो तो रिमचा ऑफसेट. रिमच्या रुंदीची बरोबर मध्यरेषा धरा. तिथपासून डिस्कच्या हबवर बसणाऱ्या सपाट बाजूपर्यंतचे अंतर म्हणजे ऑफसेट. ती बाजू मध्यरेषेच्या बाहेर, रस्त्याकडे असेल तर ऑफसेट अधिक आणि चाक आत जाते; आत असेल तर उणे आणि चाक बाहेर येते. रिमच्या आतल्या कडेपासून त्याच सपाट बाजूपर्यंतचे अंतर ते बॅकस्पेसिंग. रिमच्या एकूण रुंदीचे निम्मे आणि ऑफसेट यांची बेरीज केली की बॅकस्पेसिंग निघते. पिकअपची ६ इंची रिम घ्या. कडा धरून ती सुमारे ७ इंच भरते, निम्मे साडेतीन. बॅकस्पेसिंग साडेचार आले तर ऑफसेट अधिक १ इंच.

ट्रकच्या चाकात डिस्क इतकी बाहेर असते की ती रिमच्या कडेच्याही पुढे येते. दोन चाकांच्या डिस्का पाठीला पाठ लावून बसल्या की मधे फट राहते ती त्यामुळेच. म्हणून हजार-वीसला सहसा ७.५ इंची रिम घेतात. पण रुंदीबरोबर तिचा ऑफसेटही बघावा. टायर कंपनीच्या तक्त्यात जोडचाकांमधले किमान अंतर दिलेले असते, ते भरले पाहिजे.

मोजणे अवघड नाही. टायर उतरवून रिम पालथी घाला, आतल्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि टेपने हबवर बसणाऱ्या बाजूपर्यंत माप घ्या. टायर चढलेला असताना पट्टी फुगलेल्या रबरावर टेकते आणि माप चुकते. पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाटा, ड्रॅग लिंक आणि मडगार्ड तपासा. मागे आतला टायर पाट्याला लागतो का ते भरल्या गाडीवरच कळते.

फट कमी पडली की काही जण मधे स्पेसर घालतात. आम्हाला हे पटत नाही. स्टडवर नटाला आटे कमी मिळतात आणि चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवर ताण वाढतो. त्याहून वाईट म्हणजे जोडीतला एकच टायर बदलणे. दोन्हींच्या व्यासात सुमारे ३५ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि सगळा भार मोठ्यावर येतो.

मालकाला आणखी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. सगळी चाके मोठी केली तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या आसपास असते. आणि टायर मोठा झाला म्हणून आरसी बुकातला भार वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे बजावले आहे. गाडीच्या कंपनीने तो टायर पर्याय म्हणून दिलेला आहे का, हे पुस्तकात पाहावे.

मापे गाडीच्या नंबरासह वहीत लिहा, मालकाची सही घ्या आणि मोजणीचे पैसे वेगळे लावा. तो कुरकुर करील; पुढच्या हंगामात तीच वही उघडायला सांगेल.