सत्कारानंतर पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की कट्टा पंचक्रोशीत गुणगौरवाची लगबग सुरू होते. वह्या, गुलाबपुष्प, टाळ्या! मुलांचे कौतुक झालेच पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गचे कोकण मंडळ २०२४ साली ९९.०१ टक्के आणि २०२५ साली ९८.८२ टक्के निकालासह राज्यात पहिले आले. यातील कित्येकांनी मुळाक्षरे जिल्हा परिषदेच्या शाळेतच गिरवली.

पण सत्कार कसा असावा, हे आपल्याच जिल्ह्यातील केळूसचे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी दाखवून दिले. शाळकरी भीमरावांच्या सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली बाबासाहेब बी.ए. झाले.

आज तसा शब्द टाकायला ओळख लागत नाही, वेळेवर अर्ज लागतो. आठवीत एन.एम.एम.एस. परीक्षा असते. जिल्हा परिषद वा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या, साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरायचा.

म्हणून आम्ही सुचवितो, गुणगौरवाच्या दिवशीच आठवीच्या पालकांना एकत्र बसवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला कोणाकडे नाही, त्याची यादी करा. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात कोण सोबत जाणार, तेही तिथेच ठरवा. गुलाब संध्याकाळी कोमेजतो, शिष्यवृत्ती चार वर्षे पुरते.