बांधून ठेवलेल्या वस्तू आणि कोंडलेला ओलावा

मुंबई-ठाण्यातील जुन्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाला की रहिवाशांना काही वर्षे भाड्याच्या, बहुधा लहान घरात काढावी लागतात. आजोबांच्या काळचा शिसवी पलंग, दिवाणखान्यातील तैलचित्र, वेताची आरामखुर्ची यांना तेथे थारा नसतो. मग या वस्तू गावच्या घरी, नातेवाइकांच्या माळ्यावर किंवा भाड्याच्या गोदामात जातात. जाण्यापूर्वी त्यांना प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळले जाते आणि काळजी घेतल्याचे समाधान मिळते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर गुंडाळी सोडावी, तर आत बुरशी आणि लाकडाचा भुसा!

साठवणीतील वस्तूंचा मोठा शत्रू धूळ नव्हे, ओलावा होय. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळते. कोकणपट्टीत पावसाळ्यात ती अनेकदा ८० टक्क्यांच्याही पुढे असते. लाकूड, कॅनव्हास आणि कागद हवेतील ओलावा शोषतात व सोडतात. घट्ट प्लास्टिकमध्ये तो आतच कोंडतो आणि तापमान उतरले की त्याचे दव जमते. म्हणून बांधाबांध कोरड्या दिवसांत करणे उत्तम. अर्थात, घर रिकामे करण्याची नोटीस ऋतू पाहून येत नाही. अशा वेळी वस्तू निदान काही दिवस वातानुकूलित खोलीत ठेवून मगच बांधाव्यात. गुंडाळण्यासाठी खळ निघून जाईपर्यंत धुतलेला मांजरपाट पुरेसा असतो. प्लास्टिक हवेच असेल तर ते वरून सैल पांघरावे, खालची बाजू मोकळी ठेवावी.

फर्निचरच्या बाबतीत प्रथम कीड तपासावी. वस्तूखाली काही दिवस पांढरा कागद अंथरावा. त्यावर बारीक भुकटी पडली तर आत भुंगेरे जिवंत असण्याची शक्यता असते. अशी वस्तू उपचार होईपर्यंत इतरांपासून दूर ठेवणेच शहाणपणाचे. जुन्या लाकडावरील लाखेचे पॉलिश उष्णतेने मऊ पडते. त्यावर बबल-रॅप थेट गुंडाळले तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. वस्तू भिंतीपासून थोडी दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावी. मात्र २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे आठवले तर सखल भागातील तळमजल्यावर चार विटांचा आधार किती तोकडा आहे, हे कळते. तेथे जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

चित्रे आडवी एकावर एक रचू नयेत. उभी ठेवून मध्ये जाड पुठ्ठा घालावा. तैलचित्राची गुंडाळी करणे म्हणजे वाळलेल्या रंगाला तडे जाण्यास आमंत्रण. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि तेथील देवादिकांच्या छापील तसबिरी घरोघरी पोहोचल्या. आज अनेक घरांत अशा तसबिरींचा कागद काचेला चिकटलेला आढळतो. तो ओढून सोडवू नये. ते काम जाणकार संवर्धकाचे आहे. वर्तमानपत्राची रद्दी सर्वांच्या हाताशी असते, पण तिच्यातील आम्लाने चित्राचा कागद पिवळा व ठिसूळ होतो.

दागिन्यांचे शास्त्र निराळे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. रबर आणि लोकर यांतून गंधकाची संयुगे बाहेर पडतात, म्हणून चांदीच्या वस्तूंना रबरबँड लावू नये, लोकरीच्या कापडात गुंडाळू नये. चिंचेने घासलेले पितळ नीट धुऊन पूर्ण कोरडे केले नाही, तर उरलेल्या आम्लाने हिरवट डाग पडतात. नथीतील मोत्यांना हिऱ्यांशेजारी ठेवले तर चरे पडतात आणि हवाबंद पिशवीत ते अति कोरडे होऊ शकतात. मऊ सुती कापड त्यांना मानवते. लाख भरलेले मणी उष्णतेपासून जपावेत.

लॉकर हा सर्वसाधारण उपाय. पण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांत ऐवज गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच आहे. पूर किंवा भूकंपासारख्या आपत्तीत सामान्यतः तीही नाही. तेव्हा मौल्यवान दागिन्यांचा स्वतंत्र विमा उतरवावा. बांधण्याआधी प्रत्येक वस्तूचे, विशेषतः आधीच असलेल्या तड्यांचे व डागांचे छायाचित्र घ्यावे. वजन-मापांसह यादी करून एक प्रत सामानाबरोबर व दुसरी अन्यत्र ठेवावी. दसऱ्याआधी घराची साफसफाई होतेच. त्याच सुमारास गोदामातील गुंडाळ्याही एकदा सोडून, वस्तूंना दिवसभर सावलीत हवा देऊन पुन्हा बांधाव्यात.